प्रबोधनकालीन चित्रकारांचे खडूतील आकृतिअभ्यास : तंत्र, हेतू आणि साक्ष

१

व्हिएन्ना येथील आल्बेर्टिना संग्रहालयात तांबड्या खडूने काढलेले दोन विवस्त्र पुरुषाकृतींचे एक रेखन आहे. त्यावर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर ह्याच्या हातची मानली जाणारी एक टीप आहे. पोपच्या दरबारी ज्याला एवढा मान आहे त्या उर्बिनोच्या राफाएलने ह्या आकृती काढल्या आणि आपल्या हाताचे काम दाखवावे म्हणून त्या न्यूरेंबर्गला ड्यूररकडे पाठविल्या, असा टिपेचा आशय असून तीत १५१५ हे साल दिले आहे. ह्या कागदाचा संबंध व्हॅटिकनमधील ओस्तियाच्या लढाईच्या भित्तिचित्राशी जोडला जातो. हात पसरून काही दाखविणारी त्यातील आकृती त्या भित्तिचित्रात वस्त्रे लेवून उभी आहे.

टीप स्पष्ट असली तरी प्रश्न मिटत नाही. हे रेखन राफाएलचे स्वतःचे की त्याच्या चित्रशाळेतील जूल्यो रोमानोसारख्या शिष्याचे, ह्यावर कलेतिहासकारांत मतभेद आहेत. ड्यूररला जे काम गुरूच्या हाताचा नमुना म्हणून मिळाले, ते शिष्याच्या हातचे असण्याचा संभव अनेकांनी मांडला आहे. ह्या मतभेदाचा निर्णय काहीही लागो, त्यातून एक अधिक मूलगामी प्रश्न पुढे येतो. भित्तिचित्राच्या कामासाठी तयार झालेला कागद भेट म्हणून परदेशी जातो आणि पुढे एका व्यक्तीच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून वाचला जातो, तेव्हा तो कागद नेमकी कशाची साक्ष देतो? चित्रकाराने पाहिलेल्या देहाची, त्याच्या हाताची, की चित्र घडण्याच्या क्रमातील एका विशिष्ट टप्प्याची? ह्यांपैकी तिसरी साक्ष सर्वांत भक्कम असते आणि पहिल्या दोन साक्षी तिच्या आधारानेच तपासाव्या लागतात, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

खडूचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी त्यापूर्वीच्या रेखनपद्धतीचा विचार केला पाहिजे. चेन्निनो चेन्निनी ह्याने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकारागिरीच्या ग्रंथात नवशिक्याला हाडांच्या भुकटीचा लेप दिलेल्या लाकडी फळीवर रौप्यशलाकेने रेखन करण्यास सांगितले आहे. रौप्यशलाका म्हणजे चांदीच्या टोकाची लेखणी. तिची रेषा साध्या कागदावर उमटत नाही. पृष्ठभागास आधी लेप द्यावा लागतो. एकदा ओढलेली रेषा सहजी पुसता येत नाही, आणि हात दाबला तरी ती फारशी जाड वा गडद होत नाही. अशा साधनाने बारकावा व संयम येतो. परंतु मनात आलेली कल्पना झपाट्याने उतरवून ती बदलून पाहणे, मोठ्या आकृतीवरील उजेडाचे व सावलीचे विस्तार मांडणे, ही कामे त्याला अवघड जातात.

त्या काळच्या चित्रशाळांत नमुन्यांच्या वह्या असत. प्राणी, पक्षी, संतांच्या मुद्रा, वस्त्रांच्या चुण्या ह्यांचे ठरलेले आकार त्यांत साठविलेले असत आणि प्रसंग पडेल तसे ते चित्रात उतरविले जात. चेन्निनी निसर्गावरून रेखन करणे हाच उत्तम मार्गदर्शक असल्याचेही बजावतो. परंतु वहीतील नमुना हीच बहुतेक ठिकाणी चित्रशाळेची खरी पुंजी होती. ह्याच ग्रंथात पिएमोंत प्रांतातून येणाऱ्या, चाकूने टोक काढता येईल अशा एका मऊ काळ्या दगडाचाही उल्लेख आहे. हाच पुढील काळातील काळा खडू होय. म्हणजे साधन माहीत होते. त्याची गरज मात्र अद्याप पुरती भासली नव्हती.

हे खडू निसर्गात मिळणाऱ्या द्रव्यांचे असत. काळा खडू हा कार्बनयुक्त मऊ पाटीचा दगड. तांबडा खडू ही लोहाच्या ऑक्साइडने रंगलेली चिकणमाती, म्हणजे मराठी वाचकाच्या परिचयाच्या गेरूच्याच कुळातील वस्तू. पांढऱ्या खडूसाठी चुनखडी किंवा शंखजिऱ्यासारखा मऊ दगड वापरीत. ह्या दगडांच्या कांड्या कापून त्या धारकात बसवीत. कागदास लेप देण्याची गरज उरली नाही. टोकाने बारीक रेषा व कडेने रुंद पट्टा ओढता येऊ लागला. बोटाने घासून छटा विरघळविता येऊ लागली. काळ्या खडूची रेषा पावाच्या मऊ गराने बरीचशी पुसता येई. तांबडा खडू अधिक चिवट असे. तथापि कातडीच्या रंगाशी त्याचे जवळचे नाते असल्याने मांसल देहाच्या अभ्यासास तो विशेष उपकारक ठरला.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस लूका सिन्योरेल्ली ह्याने काळ्या खडूत जोमदार आकृती काढल्या, तर लेओनार्दो दा विंचीने १४९० नंतरच्या दशकात तांबड्या खडूचा वापर प्रतिष्ठेस नेला. नवे साधन हाती आले म्हणून चित्रकला बदलली, असे म्हणणे मात्र कारणाचा क्रम उलटा लावणे होईल. साधन शंभर वर्षे आधीपासून उपलब्ध होते. चित्राची अपेक्षा बदलली. एका प्रसंगात गुंतलेल्या, वेगवेगळ्या भावनांनी हललेल्या, वजन व घनता असलेल्या आकृती चित्रात याव्यात अशी मागणी निर्माण झाली, आणि त्या मागणीला नमुन्यांची वही अपुरी पडू लागली.

३

आकृतिअभ्यासाचे स्थान कळण्यासाठी चित्र तयार होण्याचा क्रम ध्यानी घ्यावा लागतो. प्रथम लेखणीने व शाईने काढलेली झटपट टिपणे. नंतर सबंध रचनेचा आराखडा. नंतर एकेका आकृतीचा मॉडेलवरून केलेला अभ्यास, तोही प्रथम विवस्त्र व मग सवस्त्र. नंतर मस्तके, हात व पाय ह्यांचे स्वतंत्र अभ्यास. आणि शेवटी चित्राच्याच आकाराचा आराखडा, ज्याला इटालियन भाषेत 'कार्तोने' म्हणतात. सर्वच चित्रांना हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु फ्लॉरेन्स व रोम येथील मोठ्या कामांत तो सामान्यतः दिसतो. विवस्त्र आकृतीचा आग्रह लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती ह्याच्या १४३५ च्या चित्रकलाविषयक ग्रंथात येतो. आधी हाडे, मग स्नायू, मग मांस आणि त्यावर वस्त्र, असा विचारक्रम त्याने चित्रकारास सांगितला आहे.

ह्या तयारीच्या मुळाशी एक व्यावहारिक कारणही होते. ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्रात त्या दिवसापुरताच गिलावा लावतात आणि तो वाळण्यापूर्वी रंग द्यावा लागतो. वाळल्यावर चूक सुधारायची तर तेवढा गिलावा खरवडून काढावा लागतो. अशा कामात भिंतीपुढे उभे राहून विचार करण्यास फारशी सवड नसते. मान किती वळवावी, भार कोणत्या पायावर द्यावा, खांद्यावरील प्रकाश कोठे संपवावा, हे सारे कागदावर आधीच ठरलेले असावे लागते.

मायकेलएंजेलोने सिस्टीन प्रार्थनामंदिराच्या छतावर (१५०८–१२) लिबियाची भविष्यवादिनी काढली, तिच्यासाठी केलेला तांबड्या खडूचा अभ्यास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९२४ मध्ये तो तेथे विकत घेण्यात आला. कागद सुमारे २९ सेंटिमीटर उंच व २१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मांडीवर मावेल एवढा. त्याच्या मध्यभागी पाठमोरी विवस्त्र आकृती आहे. तिचे दोन्ही हात उचललेले, कंबर वळलेली, मस्तक खांद्यावरून बाजूला पाहणारे आहे. भित्तिचित्रात ही स्त्री पाठीमागील प्रचंड ग्रंथ हाताळीत आसनावरून उतरण्याच्या बेतात आहे. देहाचा भार पायाच्या बोटांवर आला आहे. कागदावर उरलेल्या जागेत ह्या आकृतीतील अवघड प्रश्न सुटे करून सोडविलेले दिसतात. मुखाचा अभ्यास पुन्हा केला आहे, डावा हात वेगळा काढला आहे, आणि पायाचा अंगठा जमिनीवर कसा दाबला जातो हे एकदा काढून समाधान न झाल्याने पुनःपुन्हा काढले आहे. सर्व देहाचा तोल त्या अंगठ्यावर अवलंबून असल्याने एवढ्याशा अवयवाला हे महत्त्व मिळाले.

समोर बसलेले मॉडेल मात्र तरुण पुरुष होते. पाठीचे व खांद्यांचे स्नायू त्याविषयी शंका ठेवीत नाहीत. चित्रशाळेत उमेदवारी करणारी मुले हाताशी असत. विवस्त्र स्त्रीस मॉडेल म्हणून बसविणे त्या काळी विरळा होते. मायकेलएंजेलोच्या देहविषयक कल्पनेचाही ह्यात भाग आहे, हे नाकारता येत नाही. तरीही केवळ त्याच्या स्वभावावरून ह्या गोष्टीचा उलगडा करणे पुरेसे नाही, कारण राफाएलच्या चित्रशाळेतही हीच रीत आढळते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलावीथीत असलेल्या 'आल्बा मॅडोना' ह्या चित्रासाठी राफाएलने केलेला अभ्यास फ्रान्समधील लील येथे आहे. त्यात कुमारी मातेच्या जागी साध्या कपड्यांतील एक तरुण जमिनीवर बसला आहे. उलटपक्षी, रोमच्या फार्नेसीना प्रासादातील भित्तिचित्रांसाठी काढलेल्या तीन देवतांच्या तांबड्या खडूतील अभ्यासात, जो सध्या इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे, स्त्रीमॉडेल स्पष्ट दिसते. एकाच स्त्रीला तीन वेगवेगळ्या पवित्र्यांत बसवून ह्या तीन आकृती काढल्या असाव्यात, असे मानले जाते.

तिन्ही उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे एक गोष्ट निश्चित होते. आकृतिअभ्यासाचा विषय समोरची व्यक्ती हा नसून पवित्रा हा आहे. बसलेला मुलगा मरिया कधीच नव्हता; त्याच्याकडून देहाच्या वळणाचे व भाराचे उत्तर तेवढे घ्यायचे होते. तीन देवतांसाठी तीन स्त्रियांची गरज नव्हती. म्हणून 'चित्रकाराने जीवनाचे निरीक्षण केले' एवढ्या विधानावर थांबणे इतिहासकारास परवडणारे नाही. तो निरीक्षणाकडे वळला तेव्हा रचनेतील प्रश्न आधीच ठरलेला होता आणि निरीक्षण त्या प्रश्नापुरते झाले. जॉर्जो वासारी आंद्रेआ देल सार्तोविषयी जे लिहितो ते येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आंद्रेआ निसर्गावरून रेखन करताना ढोबळ टिपणांवर समाधान मानी व पूर्णता चित्रात आणी; त्याची रेखने पाहिलेल्या गोष्टींच्या स्मरणासाठी असत, असे वासारीचे म्हणणे आहे. आंद्रेआचे तांबड्या खडूतील कित्येक अभ्यास आज पूर्ण कलाकृतींइतके समाधान देतात. चित्रशाळेत मात्र त्यांचे काम साधनाचे होते.

४

अभ्यास नेमका कोणत्या टप्प्यावरचा, हे कागदावरील खुणांवरून बऱ्याच वेळा ठरविता येते. चौकोनांची जाळी आखलेली असेल तर आकृती मोठ्या प्रमाणावर उतरविण्याचा बेत होता. आकृतीच्या कडांवर सुईच्या टोचण्या असतील तर त्यांवरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटून खालच्या पृष्ठभागावर ठिपके उमटविले असले पाहिजेत. छिद्रांच्या साच्यातून रांगोळी पाडावी तशीच ही क्रिया आहे. ठिपके खडूच्या रेषांच्या खाली दिसत असतील, तर अनुमान अगदी निराळे होते.

ह्याचे उत्कृष्ट उदाहरण ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील दोन प्रेषितांच्या मस्तकांचा व हातांचा काळ्या खडूतील अभ्यास होय. तो राफाएलच्या 'ट्रान्सफिगरेशन' ह्या अखेरच्या मोठ्या चित्रासाठी केलेला आहे. एवढे भावपूर्ण मस्तक पाहून तो मॉडेलवरून केलेला आरंभीचा अभ्यास असावा असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु रेषांखाली ठिपक्यांच्या ओळी आहेत. म्हणजे पूर्ण आकाराचा आराखडा आधी तयार झाला, त्यातील मस्तकांच्या कडा ठिपक्यांनी ह्या नव्या कागदावर घेतल्या, आणि मग रंगकामाच्या वेळी समोर ठेवण्यासाठी छायाप्रकाश पुन्हा बारकाईने साधला. येथे सर्वांत जिवंत वाटणारा कागद सर्वांत उशिराचा आहे. ताजेपणा म्हणजे आरंभ, हे समीकरण अशा ठिकाणी फसते.

पूर्ण आकाराच्या आराखड्यांचे भवितव्यही उद्बोधक आहे. 'स्कूल ऑफ अथेन्स' ह्या भित्तिचित्राचा राफाएलने केलेला आराखडा मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात असून तो आठ मीटर रुंद आहे. दोनशेच्या आसपास कागद जोडून तो सिद्ध केला आहे. त्यावर टोचण्या आहेत. पण भिंतीवर लावून फाडला गेल्याच्या खुणा नाहीत. त्यामुळे तो दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊन तो दुसरा कागद भिंतीच्या कामी खर्ची घातला असावा, असे अनुमान निघते. कामाचा कागद जपून ठेवण्याची इच्छा येथे दिसू लागते. पायऱ्यांवर एकटा विचारमग्न बसलेला पुरुष ह्या आराखड्यात नाही. तो भिंतीवर नंतर आला. तयारी कितीही पक्की असली तरी निर्णय बदलण्यास वाव राहत असे, हाही बोध त्यातून मिळतो.

हाताची ओळख पटविण्याच्या कसोट्याही तंत्रावरच आधारलेल्या आहेत. छायेसाठी ओढलेल्या समांतर रेषा उजव्या हाताच्या चित्रकाराच्या कामात सामान्यतः वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात. डावखुऱ्या लेओनार्दोच्या कामात त्या उलट दिशेने जातात. परंतु तांबड्या खडूच्या रेखनावर ओलसर कागद दाबला की त्यावर उलटी प्रत उठते आणि तीत रेषांची दिशाही उलटते. त्यामुळे दिशेवरून हात ठरविण्यापूर्वी समोरचा कागद मूळ आहे की उठविलेली प्रत आहे, हे पाहावे लागते. आल्बेर्टिनातील कागदाविषयीच्या वादाचे मर्म येथे कळते. राफाएलच्या चित्रशाळेत शिष्यांना गुरूच्याच रीतीने रेखन करण्याचे शिक्षण होते, कारण काम अनेकांनी पुरे करायचे आणि ते एकाचे दिसायचे होते. तेथे हाताचे वेगळेपण हा गुण नव्हता. ड्यूररने त्या कागदाला विचारलेला प्रश्न तो कागद जेथे निर्माण झाला तेथे ह्या स्वरूपात विचारला गेला नसता. म्हणून 'हे रेखन ओस्तियाच्या लढाईसाठी झाले' हे विधान 'हे रेखन राफाएलचे' ह्या विधानापेक्षा आज अधिक खात्रीने करता येते.

५

उपलब्ध साक्षीचे तारतम्य पाहताना कागद टिकले कसे, ह्याचाही विचार आवश्यक आहे. मायकेलएंजेलोने १५६४ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी आपली पुष्कळ रेखने व आराखडे जाळून टाकले, असे वासारी सांगतो. आपले कष्ट कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, हा त्यामागील हेतू असल्याचे तो म्हणतो. उलट, १६१२ मध्ये उर्बिनो येथे मृत्यू पावलेल्या फेदेरिको बारोच्ची ह्याची दीड हजारांहून अधिक रेखने आज ज्ञात आहेत. बेल्लोरीने १६७२ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात त्याची पद्धत वर्णिली आहे. मनातील पवित्रा तो शिष्यांकडून घेववी आणि त्या स्थितीत कोठे ताण पडतो का, अंग थोडे वळविल्यास अधिक सुखावह होईल का, असे त्यांना विचारी. आकृतीची स्वाभाविकता मॉडेलच्या अनुभवावरून पारखणारी ही रीत खडूच्या अभ्यासाचा कळस मानता येईल. परंतु दोघांच्या उरलेल्या कागदांची संख्या मोजून एक उत्स्फूर्त व दुसरा परिश्रमी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एकाचे कागद जळाले, दुसऱ्याचे राहिले.

व्हेनिसच्या चित्रकारांविषयीच्या प्रचलित मताचीही अशीच छाननी झाली पाहिजे. तिशियनचे काम पाहून व्हेनिसमध्ये आरंभापासून रेखन नीट शिकवीत नाहीत ह्याबद्दल मायकेलएंजेलोने खेद व्यक्त केला, ही कथा वासारीनेच दिली आहे. वासारी फ्लॉरेन्सचा अभिमानी. १५६३ मध्ये तेथे स्थापन झालेल्या रेखन-अकादमीचा प्रवर्तक. आणि रेखनांचा संग्राहक. चित्र, शिल्प व वास्तू ह्या तिन्ही कलांचा उगम रेखनात आहे हा त्याचा सिद्धान्त होता. त्याचे मत ह्या पक्षाचे मत म्हणून वाचले पाहिजे. तिशियनची रेखने थोडी उरली आहेत हे खरे. तथापि क्ष-किरणांच्या साह्याने त्याच्या चित्रांच्या खालच्या थरांत अनेक फेरबदल दिसून आले आहेत. फ्लॉरेन्सचा चित्रकार जो विचार कागदावर करीत असे, त्याचा बराच भाग तिशियनने तैलरंगात, प्रत्यक्ष पटावर केला. तैलरंग हळू वाळतो व त्यावर पुन्हा काम करता येते, म्हणून ते शक्य झाले.

कागदाच्या साक्षीचे मोल व तिची मर्यादा लेओनार्दोच्या 'अखेरचे भोजन' ह्या मिलानमधील चित्राच्या बाबतीत एकदमच प्रत्ययास येतात. सुमारे १४९५ ते १४९८ ह्या काळात कोरड्या भिंतीवर काढलेले हे चित्र लवकरच खराब होऊ लागले. १५६६ मध्ये वासारीने ते पाहिले तेव्हा त्याला अस्पष्ट डागांपलीकडे फारसे काही दिसले नाही. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात नंतरचे थर काढल्यावर मूळ रंगाचे अवशेषच हाती लागले. विंडसर येथील राजसंग्रहात असलेले काही मस्तकांचे खडूतील अभ्यास मात्र शाबूत आहेत. ज्यूडासचे मस्तक तांबड्या लेपाच्या कागदावर तांबड्या खडूने काढलेले असून मानेच्या ताणलेल्या शिरांत त्याची दचक उतरली आहे. भिंतीवर हरवलेले सूक्ष्म मुद्रासामर्थ्य कसे असेल ह्याची कल्पना त्यावरून येते. परंतु कागदावरील मुखाला दाढी नाही, भिंतीवरील ज्यूडासला आहे. भिंतीची झीज कागदावरून मनाने भरून काढू पाहणाऱ्याला एवढा फरक सावध करण्यास पुरेसा आहे. अभ्यास हा चित्राचा पूर्वज आहे. त्याची प्रतिकृती नव्हे.

६

सोळाव्या शतकातच खडूचे रेखन चित्रापासून सुटे होऊ लागले. मायकेलएंजेलोने १५३२–३३ च्या सुमारास तोम्माझो दे काव्हालिएरी ह्या तरुण मित्रास भेट म्हणून पौराणिक प्रसंगांची खडूतील रेखने दिली. त्यांच्या पुढे कोणतेही चित्र व्हावयाचे नव्हते. वासारीसारख्यांच्या संग्रहात रेखनांना मानाचे स्थान मिळाले. अकादमीच्या अभ्यासक्रमात मॉडेलवरून रेखन करणे हा स्वतंत्र पाठ बनला, आणि ह्याच परंपरेच्या दूरच्या शाखेतून १८५७ मध्ये मुंबईस सुरू झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेसारख्या संस्थांत मानवाकृतीच्या अभ्यासाचे शिक्षण आले. 'ट्रान्सफिगरेशन'साठी राफाएलने काळ्या खडूत काढलेले एका तरुण प्रेषिताचे मस्तक २०१२ च्या डिसेंबरात लंडन येथे सुमारे २ कोटी ९७ लाख पौंडांस विकले गेले. रंगकाम चालू असता बाजूला धरण्यासाठी केलेल्या कागदाची ही किंमत आहे, आणि ती मुख्यतः त्यामागील हाताची आहे.

बाजाराला हात ओळखणे भाग असते. इतिहासाचा क्रम वेगळा असावा लागतो. कागदावरील टोचणी, जाळी, ठिपका व रेषेची दिशा ह्यांवरून त्याचे काम प्रथम निश्चित करावे. ते काम कोणत्या चित्रशाळेत व कोणत्या श्रमविभागणीत होत असे हे पाहावे. आणि त्यानंतर हाताचा प्रश्न घ्यावा. ह्या क्रमाने गेल्यास आल्बेर्टिनातील कागदाचे महत्त्व कर्त्याच्या नावावर अवलंबून राहत नाही. तो शिष्याचा ठरला, तर राफाएलच्या चित्रशाळेचे शिक्षण किती समर्थ होते ह्याचा तो पुरावा होईल. गुरूचा ठरला, तर भित्तिचित्राच्या घाईतही एका पाठमोऱ्या देहाकडे त्याने किती लक्ष पुरविले ह्याचा. दोन्ही पक्षी तो ओस्तियाच्या भिंतीमागील विचाराची साक्ष देतो, आणि ती साक्ष आज त्या कागदाखेरीज अन्यत्र मिळण्यासारखी नाही.